कॉम्प्युटर कट्टा : भाच्यानं मिंट टाकलं आणि विंडोज दिसेना

दिवाळी झाली की या सदराकडं पत्रांची रीघ लागते आणि त्यातली निम्मी एकाच प्रकारची असतात. सुट्टीला आलेल्या कुणा पुतण्यानं, भाच्यानं नाहीतर जावईबापूंनी घरच्या कॉम्प्युटरवर काहीतरी 'करून दिलेलं' असतं, ते एसटीत बसून पुण्याला जातात, आणि दुसऱ्या दिवशी घरातला माणूस काळ्या स्क्रीनकडं बघत बसतो. यंदा जरा जास्तच, कारण विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि इंटेलच्या आठव्या जनरेशनच्या आधीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीतच नाहीत, मग मशीन चांगलं चालतंय तर भंगारात कशाला घाला म्हणून लोक विंडोजच्या शेजारी लिनक्स ही दुसरी, फुकटची सिस्टीम टाकून बघतायत (मिंट, उबुंटू ही तिचीच रूपं). बघा की, मी तर खूशच आहे. फक्त एकाच मशीनवर दोन सिस्टीम म्हणजे एकाच वाड्यात दोन भावांचे संसार, भांडण चुलीवरून होत नाही, दारावरून होतं.

यावेळी सातारा-सांगलीचीच पत्रं घेतलीत. नावं छापत नाही, भाचे-पुतणे पण आपलेच वाचक आहेत. आणि कमांड इथं कानाला ऐकू येते तशी लिहिलीय, टाईप करताना अर्थातच इंग्रजीत करायची.

दादा, मी निवृत्त शिक्षिका, साताऱ्यात गोडोलीत राहते. घरी 2016 चा डेस्कटॉप आहे. मुलानं नंतर त्यात एसएसडी बसवून दिली, विंडोज 10 तिच्यावर आहे, आणि जुनी 1 टीबीची हार्डडिस्क तशीच आत आहे, तिच्यात सगळे फोटो. दिवाळीत भाचा आला, म्हणाला मावशी आता अपडेट येणार नाहीत, मोठ्या डिस्कवर जागा आहे तिथं लिनक्स मिंट टाकून देतो, चालू करताना दोन्ही नावं येतील, पाहिजे ते निवड. टाकताना इंग्रजीत एक वॉर्निंग आली ती त्यानं कंटिन्यू केली. आता चालू केलं की थेट मिंटच येतं, विंडोजचं नावच नाही. फोटोची ड्राइव्ह कधी उघडतच नाही, उघडली तर तिच्यात काही ठेवता येत नाही. माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणिकेचं काम श्रीलिपीत अर्धं झालंय ते विंडोजमधे अडकलं. दुकानात विचारलं तर म्हणाले सगळं फॉरमॅट मारावं लागेल, डेटाची गॅरंटी नाही. मारून घेऊ का?

बाई, अजिबात नको. दुकानदाराला सांगा विचार करून सांगते, आणि मशीन घरी आणा. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे ते मला फार आवडलं, ती वॉर्निंग आली आणि कंटिन्यू केली. सगळं रामायण तिथंच आहे.

असं बघा, मदरबोर्डला कॉम्प्युटर सुरू करायच्या दोन पद्धती येतात. एक जुनी, तिला लेगसी म्हणतात, आणि एक नवी, युईएफआय. तुमच्या मशीनच्या वयाच्या बहुतेक बोर्डांना दोन्ही येतात, म्हणजे वाड्याला पुढचं दार पण आहे आणि परसदार पण. असेंबल केलेल्या मशीनवर त्या काळात विंडोज टाकणाऱ्यानं पुष्कळदा जुन्या पद्धतीनंच टाकलेलं असतं, कारण त्याचा पेनड्राइव्हच तसा बनवलेला असायचा. आता भाच्यानं मिंटचा पेनड्राइव्ह लावला तेव्हा बूट मेन्यूत तो पेनड्राइव्ह दोनदा दिसला असणार, एकदा नुसतं कंपनीचं नाव आणि एकदा पुढं युईएफआय लिहून. त्यानं युईएफआयवाला निवडला, जे नव्या मशीनवर बरोबरच असतं. मग इन्स्टॉलरनं विचारलं की बाबा रे, मी नव्या पद्धतीनं सुरू झालोय पण इथं आधीची एक सिस्टीम जुन्या पद्धतीची दिसतेय, तू असंच पुढं गेलास तर तिला नंतर सुरू करणं अवघड जाईल, तरी फोर्स युईएफआय इन्स्टॉलेशन करू का? आणि आमचे चिरंजीव कंटिन्यू. त्यांचा दोष नाही, आपण सगळेच वॉर्निंग न वाचता ओके दाबतो, मोबाईलनं तीच सवय लावलीय.

मिंट सुरू होताना जो नावांचा मेन्यू येतो त्याला ग्रब म्हणतात. नव्या पद्धतीनं उठलेल्या ग्रबला जुन्या पद्धतीचं विंडोज सुरू करता येत नाही, म्हणून तो त्याचं नावच लावत नाही. विंडोज आहे तिथंच आहे. तुमची स्मरणिका पण.

खात्री करून घ्यायची तर मशीन बंद करा, चालू करा आणि लगेच एफ-12 दाबत राहा. काही बोर्डांवर एफ-11 असतं, काहींवर एफ-8, पहिल्या स्क्रीनवर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं येतं. एक यादी येईल, तिच्यात तुमच्या एसएसडीचं नाव असेल, पुढं युईएफआय हा शब्द नसलेलं. ते निवडून एंटर मारा. विंडोज यायला पाहिजे. एसएसडी यादीत दिसलीच नाही तर घाबरू नका, बायोसमधे, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगच्या स्क्रीनवर जाऊन, जुनी पद्धत चालू ठेवणारं सीएसएम नावाचं एक सेटिंग आहे ते कुणीतरी बंद केलं असेल, ते चालू करायचं, सेव्ह करायचं आणि परत एफ-12. विंडोज आलं की विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून एमएसइन्फो-32 टाईप करा, तिथं बायोस मोड असा एक रकाना आहे, त्यात लेगसी लिहिलेलं असलं तर मी वर लिहिलं ते सगळं बरोबर.

आता फोटोची ड्राइव्ह. हे वेगळंच दुखणं आहे आणि त्याचा भाच्याशी काही संबंध नाही. विंडोजमधे फास्ट स्टार्टअप म्हणून एक सोय असते, आपण शटडाऊन म्हणतो तेव्हा ते पूर्ण बंद होतच नाही, गाभ्याचा भाग डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवतं आणि आडवं होतं, म्हणजे सकाळी पटकन उठता येतं. पण त्यामुळं ड्राइव्ह अर्धवट उघड्या राहतात. शेजारणीनं कढई गॅसवर ठेवलीय आणि 'आलेच' म्हणून बाहेर गेलीय, अशा वेळी आपण तिच्या ओट्यावर हात घालतो का? मिंट पण घालत नाही, ते नुसतं बघू देतं, ठेवू देत नाही. हा शहाणपणा आहे, बिघाड नव्हे. विंडोजमधे गेलात की कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटणानं काय व्हावं ते ठरवायचं पान, तिथं वरच्या बाजूला सध्या बंद असलेली सेटिंग बदला अशी एक ओळ आहे ती दाबली की खाली टर्न ऑन फास्ट स्टार्टअपची टिक काढता येते. मग एकदा नीट शटडाऊन करा. पुढच्या वेळी मिंटमधून ड्राइव्ह उघडेल आणि लिहिता पण येईल. भाचा फोनवर म्हणेल की मिंटमधूनच ती आडवं होताना लिहिलेली हायबरनेशनची फाइल उडवून जबरदस्ती उघडतो, त्याला नको म्हणा, विंडोजचं न सेव्ह झालेलं काही असेल तर ते त्यात जातं.

कायमचं काय करायचं ते विचाराल तर माझं प्रामाणिक मत, स्मरणिका छापून हातात येईपर्यंत काहीच करू नका. एफ-12 दाबून विंडोजमधे जा, काम करा, बाकी वेळ मिंट वापरा. रोज दोन सेकंद जातात, जाऊ देत. अर्धं काम अडकलेलं असताना सिस्टीमला हात लावणं म्हणजे वऱ्हाड दारात आल्यावर स्वयंपाकघराचा रंग काढणं.

नंतर मात्र नीट करून घ्या. मिंट टाकून महिना पण झाला नाही, त्यात तुमचं काही साठलं नसेल, तर तेच परत टाकायचं, यावेळी पेनड्राइव्हचं युईएफआय नसलेलं नाव निवडून. समथिंग एल्स नावाचा पर्याय घ्यायचा, आधी मिंट जिथं आहे तोच भाग निवडायचा, आणि सगळ्यात महत्त्वाचं, खाली विचारतात की बूट लोडर, म्हणजे तोच ग्रब, कुठं ठेवू, तिथं एसएसडी न निवडता मोठी हार्डडिस्क निवडायची. मग बायोसमधे हार्डडिस्क पहिल्या नंबरला ठेवायची. असं केलं की मेन्यूत दोन्ही नावं येतात, आणि एसएसडीवरची विंडोजची सुरुवात कुणी शिवलेलीच नसते, उद्या हार्डडिस्क गेली तरी एसएसडी एकटी उठते. लिनक्समधे सी, डी, ई नसतं हे भाच्याला माहीत असेल पण तुम्ही शेजारी बसणार असाल तर तुम्हाला पण माहीत पाहिजे, तिथं एसडीए, एसडीबी अशी नावं असतात आणि कुठली कुठली ते आकारावरून ओळखायचं, लहान ती एसएसडी, 1 टीबीची ती फोटोवाली. फॉरमॅट अशा रकान्यात टिक कुठल्या ओळीपुढं आहे ते दोघांनी मोठ्यानं वाचा. मोठ्यानं म्हणजे खरंच मोठ्यानं, मी आजही वाचतो.

तिसरा मार्ग विंडोजलाच नव्या पद्धतीवर आणायचा. विंडोज 10 च्या 1703 या आवृत्तीपासून एमबीआर-टू-जीपीटी नावाचं हत्यार आतच येतं, डेटा न उडवता बदल करतं, पण त्या डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी भाग नकोत आणि लॉजिकल भाग तर एकही नको, नाहीतर ते नकार देतं. चालतं चांगलं, पण तुमच्या घरी ते करायची गरज मला दिसत नाही.

आणि फोटोंचा बॅकअप. हे मी सांगतोय म्हणजे मला कुणी सांगायला नको होतं असं नाही. 2019 च्या ऑगस्टात कृष्णा आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेली, सांगलीत आमच्या गावभागात पाणी आलं, तेव्हा माझा बॅकअप व्यवस्थित घेतलेला होता, त्याच टेबलाच्या खालच्या खणात, ज्या टेबलावर कॉम्प्युटर होता. तेव्हापासून एक डिस्क बहिणीकडं असते, ती तुमच्या साताऱ्यात तिसऱ्या मजल्यावर राहते. तुमची डिस्क मुलाकडं ठेवा.

श्रीलिपीबद्दल एकच, ते जुन्या फॉण्टमधलं मराठी युनिकोड नसतं, त्यामुळं ती फाइल मिंटमधे उघडलीत तर इंग्रजी अक्षरांची भेळ दिसेल. फाइल खराब झालेली नसते. आहे ते काम विंडोजमधेच पुरं करा, नवीन लिखाण मात्र युनिकोडमधे करायची सवय लावा, मिंटमधे इनस्क्रिप्ट कीबोर्ड फुकट येतो.

दादा मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलला राहतो. नवीन लॅपटॉप, विंडोज 11. उबुंटू टाकायला घेतलं तर इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नव्हती. व्हिडिओत बघून बायोसमधे व्हीएमडी बंद केलं, मग डिस्क दिसली पण विंडोज निळी स्क्रीन देऊन बंद पडायला लागलं, म्हणून सिक्युअर बूट पण बंद करून बघितलं तर आता 48 आकडी रिकव्हरी की मागतंय. माझ्याकडं कसलीच की नाही. परवा सबमिशन आहे, सगळं आतच आहे. विंडोज परत टाकू का?

मित्रा, टाकू नको. आणि अजून काही 'करून बघू' पण नको, दोन मिनिटं हात मांडीवर ठेव आणि वाच.

तू दोन गोष्टी बदलल्यास, त्या दोन्ही उलट्या फिरव. बायोसमधे जा, व्हीएमडी परत चालू, सिक्युअर बूट (खात्रीचीच सिस्टीम सुरू होऊ देणारी सोय) परत चालू, सेव्ह कर. बऱ्याचदा एवढ्यावर की मागणं थांबतं आणि विंडोज काही घडलंच नाही असं उघडतं. कारण असंय की तुझी डिस्क बिटलॉकर या विंडोजच्याच सोयीनं कुलूपबंद आहे, आणि कुलपाची किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम नावाच्या चिपमधे आहे. ती चिप रोज बघते की घर कालच्यासारखंच आहे ना, सगळं जागच्या जागी दिसलं तर गुपचूप किल्ली देते. तू दारं-खिडक्या बदलल्यास, तिला वाटलं चोर आला. घर होतं तसं केलंस की ती ओळखते.

त्यानंतर पहिलं काम सबमिशनची फाइल पेनड्राइव्हवर काढायची. लगेच. मग दुसरं काम, की शोधायची. तू म्हणतोस मी कधी बिटलॉकर लावलंच नाही, बरोबर आहे, लावावं लागत नाही. विंडोज 11 च्या 24एच2 पासून तर नवीन मशीन मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं सुरू केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते आणि की त्या अकाउंटवर जाऊन बसते. कुणाच्या अकाउंटवर? इथं खरी मेख आहे. गेल्या वर्षभरात माझ्याकडं तीन लॅपटॉप असे आले की दुकानात पोरानं घाईत स्वतःच्याच ईमेलनं सेटअप करून दिला होता, आणि की त्या पोराच्या अकाउंटवर, आणि पोरगं नोकरी सोडून गेलेलं. म्हणून आज सेटिंग्जमधे अकाउंट्स उघड आणि कुठला ईमेल आहे ते बघ. तुझा असेल तर त्याच अकाउंटनं ब्राउझरमधे लॉगिन करून रिकव्हरी कीचं पान उघड, निळ्या स्क्रीनवर की आयडी येतो त्याचे पहिले आठ अक्षर-आकडे जुळवून ती की वहीत उतरवून घे. हो, वहीत, पेननं, त्याच लॅपटॉपवर सेव्ह करायची नाही, लोक तसंही करतात.

आता उबुंटू. इंटेलच्या नव्या लॅपटॉपवर डिस्क आणि सिस्टीमच्या मधे व्हीएमडी नाहीतर आरएसटी नावाचा एक मध्यस्थ असतो आणि पुष्कळदा इन्स्टॉलरला त्याच्या पलीकडचं दिसत नाही. मध्यस्थ काढायचा तर विंडोजला आधी सांगावं लागतं, नाहीतर ते त्याच मध्यस्थाचा ड्रायव्हर घेऊन उठतं आणि समोर कुणीच नसतं, मग इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस म्हणून निळं पडतं. तुझं तेच झालं. क्रम असा ठेव. सबमिशननंतर, परवाच्या नंतर, आधी नाही. सेटिंग्जमधे डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे तेच कुलूप, बंद कर आणि डिक्रिप्ट पूर्ण होऊ दे, चार्जर लावून, वेळ लागतो. मग एमएसकॉन्फिग उघडून बूटमधे सेफ बूटची टिक लाव. रीस्टार्ट करताना बायोसमधे जाऊन व्हीएमडी बंद कर. विंडोज सेफ मोडमधे उठेल आणि स्वतःच डिस्कचा साधा ड्रायव्हर उचलेल. परत एमएसकॉन्फिग, टिक काढ, रीस्टार्ट. झालं. एक खड्डा आहे, सेफ मोडमधे रोजचा पिन चालेलच असं नाही, अकाउंटचा खरा पासवर्ड पाठ पाहिजे. दुकानातल्या पोराचा अकाउंट असेल तर तू तिथं अडकशील, म्हणून आधी ते निस्तर.

उबुंटूला सिक्युअर बूट बंद करायची गरज नसते, ते चालू ठेवूनच टाकता येतं. तो व्हिडिओ कुठला बघितलास कुणास ठाऊक, पण ज्या व्हिडिओत 'सगळं डिसेबल करा' एवढाच उपाय आहे तो बंद करत जा.

साहेब, सांगलीत मार्केट यार्डात आमचं हळद आणि बेदाण्याचं अडत दुकान. टॅली विंडोजवर आहे. पुतण्यानं शिकायला म्हणून लिनक्स टाकलं होतं, तो गेला पुण्याला. जागा अडकून पडली म्हणून मी डिस्क मॅनेजमेंटमधून तो भाग डिलीट केला, शेजारी अजून एक बिननावाचा होता तो पण उडवला. आता चालू केलं की काळ्या पडद्यावर ग्रब रेस्क्यू, पुढं काही नाही. आणि पुतण्या म्हणतोय तो बिननावाचा म्हणजे जुन्या पट्ट्या-बिलांचे स्कॅन होते.

अण्णा, टॅली सुरक्षित आहे, आधी चहा घ्या.

मेन्यू दाखवणारा ग्रब अर्धा सुरुवातीला बसतो आणि अर्धा लिनक्सच्या भागात. तुम्ही लिनक्सचा भाग काढला, उरलेला अर्धा आता दारात उभा राहून हाका मारतोय. मशीन नवं असेल तर एफ-12 दाबून विंडोज बूट मॅनेजर निवडा, उठेल, मग बायोसमधे तेच पहिल्या नंबरला करा, काम संपलं. जुन्या लेगसी पद्धतीचं असेल तर विंडोजचा पेनड्राइव्ह लावून रिपेअर युवर कॉम्प्युटरमधून कमांड प्रॉम्प्ट घ्यायचा आणि बूटरेक, स्पेस, स्लॅश फिक्सएमबीआर. दोन सेकंदांत दारातला माणूस बदलतो.

स्कॅनचं मात्र जरा नाजूक आहे. पार्टिशन म्हणजे शेवटी वाटणीच, आणि डिस्कच्या सुरुवातीला एक छोटा तक्ता असतो तो तिचा सातबारा. तुम्ही डिलीट दाबलंत तेव्हा सातबाऱ्यावरची नोंद कमी झाली, रान जागेवरच आहे, पीक पण उभंय. पण नोंद नसलेलं रान मोकळं समजून कुणीही नांगर घालू शकतं. म्हणून त्या जागेवर नवीन व्हॉल्युम करायचं नाही, फॉरमॅट विचारलं तर नाही म्हणायचं, सी ड्राइव्ह मोठी करून घ्यायची नाही, आणि स्कॅन निघेपर्यंत शक्यतो ते मशीनच वापरायचं नाही, वर सांगितलेलं विंडोज उठवायचं काम पण त्यानंतरच. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि टेस्टडिस्क नावाचा फुकट प्रोग्राम चालवा. तो जुन्या बांधाच्या खुणा हुडकतो, हे इथून इथपर्यंत एक रान होतं असं दाखवतो, पी दाबलं की आतल्या फाइल्स पण दाखवतो, आणि दिसल्या तर आधी त्या दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्यायच्या, मगच नोंद परत चढवायची. घाईत उलट करू नका. हार्डडिस्क असेल तर मला बरीच आशा आहे. एसएसडी असेल तर कमी, कारण ती मोकळी झालेली जागा स्वतःहून झाडून ठेवत असते आणि झाडलेलं परत येत नाही.

पुतण्याला पुढच्या वेळी सांगा, शिकायचं असलं तर विंडोजच्या आतच व्हर्च्युअलबॉक्स टाकून त्यात लिनक्स चालव. दुकानाच्या, हिशेबाच्या मशीनवर ड्युअल बूट, म्हणजे शेजारी-शेजारी दोन सिस्टीम, करायचंच नाही या मताचा मी आहे, मग कुणी काही म्हणो.

सी ड्राइव्हमधे 150 जीबी मोकळे दिसतात पण लिनक्सला जागा काढायला श्रिंक, म्हणजे ड्राइव्ह लहान, करायला गेलं की फक्त 18 जीबी देतो म्हणतं. लबाडी आहे का? (कराड)

नाही हो. मधेच काही न हलणाऱ्या फाइल्स ठाण मांडून बसलेल्या असतात, पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, रिस्टोर पॉइंट, आणि विंडोज त्यांच्या अलीकडं कापत नाही. हायबरनेशन बंद करा, पेजफाइल तात्पुरती बंद करा, सिस्टीम रिस्टोर बंद करा, रीस्टार्ट, परत श्रिंक. कापून झालं की पेजफाइल आणि रिस्टोर परत चालू करायला विसरू नका. कापायचं काम विंडोजमधूनच करा. आणि लाईट जायच्या दिवसांत इन्व्हर्टरवर नसलेल्या डेस्कटॉपवर हे काम काढूच नका, मधे लाईट गेली तर अर्धी हललेली ड्राइव्ह सरळ करता करता नाकी नऊ येतात.

दोन वर्षांपूर्वी बनवलेला मिंटचा पेनड्राइव्ह लावला तर शिम एसबॅट डेटा फेल्ड, सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन असं येऊन मशीन बंदच होतं. पेनड्राइव्ह खराब झाला का? (मिरज)

पेनड्राइव्ह चांगला आहे, आतला मिंट शिळा झालाय. 13 ऑगस्ट 2024 च्या विंडोज अपडेटनं जुने, भोकं असलेले लिनक्सचे बूट लोडर सिक्युअर बूटच्या यादीतून कमी केले. दोन सिस्टीम असलेल्या मशीनवर हे लागू होणार नाही असं सांगितलेलं, पण ते कित्येक ठिकाणी लागू झालं आणि जगभर लोकांचं लिनक्स उठेना झालं. तुम्ही नवीन मिंट डाउनलोड करून पेनड्राइव्ह परत बनवा, बास. ज्यांचं आधीपासून टाकलेलं लिनक्स अडकलंय त्यांनी सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून लिनक्समधे जावं, सगळे अपडेट घ्यावेत, मग परत चालू करावं. बिटलॉकर असेल तर वर त्या इंजिनिअरिंगच्या पोराला लिहिलंय ते आधी वाचा.

दोन्ही सिस्टीम युईएफआयच आहेत, तरी ग्रबमधे विंडोज दिसत नाही. (सातारा, करंजे)

ग्रब 2.06 पासून दुसऱ्या सिस्टीम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो, काही लिनक्सवाले तो चालू करून देतात, काही नाही. ईटीसीच्या फोल्डरमधे डिफॉल्ट, त्यात ग्रब नावाची फाइल, तिच्यात ग्रब डिसेबल ओएस प्रोबर ही ओळ शोधा, तीत शब्दांच्या मधे अंडरस्कोअर असतात, पुढं बरोबरचं चिन्ह देऊन फॉल्स लिहा, आधी हॅश असेल तर तो काढा. मग टर्मिनलमधे, म्हणजे कमांड टाईप करायच्या खिडकीत, सुडो अपडेट-ग्रब. विंडोज बूट मॅनेजर सापडला अशी ओळ आली की जिंकलात.

मी रोज पहाटे उठून कॉम्प्युटरवर योगासनांचे व्हिडिओ लावतो. मुलीनं उबुंटू टाकल्यापासून विंडोजचं घड्याळ कधीकधी सकाळी सहाला रात्रीचे साडेबारा दाखवतं. बॅटरी बदलली, 60 रुपये गेले, फरक नाही. (सातारा, शाहूपुरी)

काका, साडेपाच तासांचा फरक आहे ना, तोच आपला भारतीय वेळेचा फरक. मदरबोर्डवर एक घड्याळ असतं, विंडोज त्याला आपली इथली वेळ समजतं आणि लिनक्स त्याला ग्रीनिचची समजतं, दोघं आळीपाळीनं त्याचे काटे फिरवतात. मुलीला सांगा उबुंटूत टर्मिनल उघडून टाईमडेटसीटीएल, सेट-लोकल-आरटीसी, 1 अशी कमांड मारायला, मग लिनक्स पण इथलीच वेळ धरेल. त्यानंतर एकदा विंडोजमधे जाऊन तारीख-वेळेच्या सेटिंगमधलं सिंक नाऊ दाबा. जुनी बॅटरी फेकली नसेल तर ठेवा, चांगली असणार ती.